मागच्या सीटसाठी कार्बोरेटर

ड्राफ्ट्समनचा उजवा गुडघा आणि त्यांच्या मोटरसायकलचा कार्बोरेटर एकाच वर्षी बदलावे लागले. गुडघ्याच्या बाबतीत त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. कुठला बसवायचा, कुठल्या मापाचा, ते सर्जनने ठरवलं आणि त्यांनी सही केली. कार्बोरेटरची निवड मात्र त्यांची होती, आणि त्याबद्दल ज्याचं त्याचं मत होतं.

गाडी ब्रिटिश, एका सिलिंडरची, वयाने ड्राफ्ट्समनपेक्षा थोडीच लहान. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, किक उजवीकडे. पाणीपुरवठ्याच्या नकाशा-विभागात नोकरीला लागल्यावर त्यांनी ती निवृत्त होणाऱ्या वरिष्ठांकडून घेतली आणि त्यानंतर दुसरं वाहन घेतलं नाही. गाडीचं वेड म्हणावं तर तसंही नव्हतं. ती पुसायची आठवण त्यांना कोणीतरी करून द्यावी लागे. गाडी त्यांना हवी होती ती मागच्या सीटमुळे.

मागच्या सीटवर त्यांची बायको बसायची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, स्वतः मध्ये बोलायचं नाही, हा तिथला नियम. ऑपरेटरबाई तो नियम घरीही घेऊन यायच्या. घरात त्या गरजेपुरतं बोलत. गाडीवर बसल्या, वस्तीतली शेवटची घरं मागे पडली, की मात्र नवऱ्याच्या डाव्या खांद्यावरून पुढे झुकून बोलायला लागत. ड्राफ्ट्समन वळून बघू शकत नसत, उत्तर देऊ शकत नसत, आणि बहुधा म्हणूनच बाईंना बोलता येई. घर कुठे घ्यायचं, मुलीला शिकायला लांब पाठवायचं की नाही, बढती घेऊन बदली पत्करायची का, घरातले सगळे मोठे निर्णय त्या सीटवर झाले होते. ड्राफ्ट्समन मान हलवत आणि गाडी हळू चालवत.

गुडघा दुखायला लागला तशी गाडी घराशेजारच्या छपराखाली उभी राहिली. बाईंच्या धाकट्या बहिणीकडे जायचं तर मुलगी कारने न्यायची. कारमध्ये रेडिओ असे, मुलगी असे आणि काचा बंद असत. बाई मागे बसून बाहेर बघत. ऑपरेशननंतर एकदा ड्राफ्ट्समन काठी टेकत स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू? दूध उतू जातंय, बाजूला व्हा."

एवढंच.

म्हणून काठी सुटल्यावर त्यांनी घरात जाहीर केलं, की गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. पण एक अट घातली. "मला स्वतःला सुरू करता आली तरच ठेवायची. दुसऱ्याने किक मारायची आणि मी वर जाऊन बसायचं, सर्कशीतल्या माकडासारखं, ते मला जमणार नाही. तसं झालं तर विकून टाकू."

व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाखुशीने परवानगी दिली. एका वेळी तीन किक. नाही सुरू झाली तर खाली उतरायचं आणि दिवसभर पायाला विश्रांती. जुन्या कार्बोरेटरवर गाडी तीन किकमध्ये सुरू झाल्याचं गेल्या कित्येक वर्षांत कुणाला आठवत नव्हतं.

मेस्त्रीने हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा तो जुना कार्बोरेटर गॅरेजमध्ये खोलून बाकावर ठेवला. ड्राफ्ट्समन आजारी असताना हा माणूस न बोलावता अधूनमधून घरी येऊन इंजिन फिरवून जायचा, गंजू नये म्हणून. त्याने आतली स्लाइड दोन बोटांत धरून हलवली. ती हलायला नको तितकी हलली.

"बघा काका. हिने वरखाली जायचं, तर ही आडवी नाचतेय. या फटीतून हवा आत घेते. म्हणून गाडी उभ्या उभ्या धापा टाकते."

"पुन्हा बुश बसवला तर?"

"एकदा बसवलाय. ठिगळावर ठिगळ किती लावणार? आता नवाच घ्या."

तिथे त्यांचा मित्रही आला होता. हा दातांचा डॉक्टर. पण सगळे त्याला म्यूझियम म्हणत, कारण त्याच्याकडे अशीच गाडी होती आणि तिच्यातला स्क्रूसुद्धा कारखान्यातून निघाला तेव्हाच्या खुणेचा होता. निदान तो तसं सांगायचा. गाडी विकायची वेळ आली तर ती म्यूझियमच घेणार, हेही ठरलेलं होतं.

"मूळ नमुन्याचाच घ्यायचा," म्यूझियम म्हणाला. "अजून बनतो. दुसरा काही लावलास तर माझ्याशी बोलू नकोस."

"डॉक्टरसाहेब," मेस्त्री हात पुसत म्हणाला, "तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात परके दात बसवता. गाडीला तेवढे ओरिजिनल पाहिजेत होय?"

"त्यांचे पडलेले असतात म्हणून बसवतो."

"मग हिचेही पडलेत की." मेस्त्री ड्राफ्ट्समनकडे वळला. "माझं ऐका. जपानी पद्धतीचा घ्या, चपट्या स्लाइडचा. ती कोपऱ्यातली गाडी तुमचीच आवृत्ती आहे, तिला तोच लावलाय. अर्ध्या किकमध्ये पेटते. नव्या गुडघ्याला तेच बरं."

ड्राफ्ट्समनांनी कोपऱ्यातली गाडी पाहिली, मग बाहेर उभी असलेली म्यूझियमची गाडी पाहिली.

"दोन्ही चालवून बघतो. तुम्ही किक मारून द्या आणि मागे बसा."

"मी?"

"हो. आणि बोलत राहा. माझ्या डाव्या कानाशी."

मेस्त्रीने म्यूझियमकडे पाहिलं. म्यूझियमने खांदे उडवले.

"काय बोलू, काका?"

"काहीही, पण सलग. पाढे म्हणा."

चपट्या स्लाइडची गाडी खरोखर अर्ध्या किकमध्ये सुरू झाली. ड्राफ्ट्समन तिच्यावरून गल्लीला एक फेरी मारून आले. गाडी उत्तम होती. पण वेग कमी केला की ती स्लाइड डब्यात खिळे हलवावेत तशी खडखडे, आणि वाढवला की कार्बोरेटरचं उघडं तोंड हवा ओढताना मोठ्याने घोरे. मागे मेस्त्रीचा श्वास मानेला लागत होता. शब्द एकही ऐकू आला नाही.

मग म्यूझियमची गाडी. म्यूझियमने तीनदा सांगितलं, की क्लच जपून सोड. ड्राफ्ट्समन गल्लीच्या टोकाला गेले, पाण्याच्या टाकीला वळसा घातला आणि परतताना वेग अगदी कमी केला. इंजिन थांबून थांबून ठोके देत होतं आणि मधल्या जागेत मेस्त्रीचा आवाज येत होता.

"सतरा साते एकशे एकोणीस, सतरा आठे एकशे चौतीस, सतरा नव्वे..."

"छत्तीस!" ड्राफ्ट्समन ओरडले आणि गाडी बाजूला घेतली. "एकशे छत्तीस."

"ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं. हाच घ्यायचा."

म्यूझियमला आनंद झाला. त्याने मित्राच्या पाठीवर थाप मारली आणि शेवटी ओरिजिनल ते ओरिजिनल, असं गॅरेजभर ऐकू जाईल असं सांगितलं. ड्राफ्ट्समनांनी त्याचा समज दूर केला नाही. मेस्त्री तेवढा चिंतेत होता.

"काका, याला किक पूर्ण मारावी लागते. तो जपानी माफ करतो, हा करत नाही."

"बघू," ड्राफ्ट्समन म्हणाले.

नवा कार्बोरेटर आला. तो खोक्यातून काढून त्यांनी खिडकीपाशी नेला आणि जेटवरचे, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रावरचे, आकडे भिंगातून वाचले. नकाशावरच्या रेषेची जाडी तपासावी तशा त्याच्या कडा बोटांनी तपासल्या. मेस्त्रीने तो बसवला, गाडी सुरू केली आणि स्वतः चालवत घरी आणून छपराखाली लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फिरायला गेल्यावर ड्राफ्ट्समनांनी फाटक लावून घेतलं. लोकांसमोर किक मारायची त्यांची तयारी नव्हती. कार्बोरेटरच्या अंगाला एक बारीक बटण असतं. ते दाबलं की आत जास्तीचं पेट्रोल चढतं आणि थंड इंजिन पेटायला मदत होते. त्यांनी पेट्रोल चालू केलं, बटण बोटं ओली होईपर्यंत दाबलं, वर आणखी थोडं दाबलं, पिस्टन जागेवर आणला आणि किक मारली. तीन वेळा मारली. काही झालं नाही. ते खाली उतरले, फाटक उघडलं आणि घरात जाऊन पेपर उघडून बसले.

बाई परतल्या. "पेट्रोलचा वास येतोय."

"येणारच. पेट्रोलवर चालते ती."

त्यानंतरच्या सकाळीही तेच. त्याच्या नंतरच्याही. शेवटी त्यांनी मेस्त्रीला फोन केला.

मेस्त्रीने प्लग काढला. तो काळा, ओला निघाला. "ओव्हर झालीय. पेट्रोल साचलंय. किक हळू बसली की पेटत नाही, नुसतं साचतं. तुम्ही एकदा मारून दाखवता?"

"तुम्हीच मारा. पाय आत्ता दुखतोय."

पाय दुखत नव्हता. मेस्त्रीने प्लग कोरडा केला, इंजिन जरा वेळ उघडं ठेवलं, प्लग परत बसवला आणि बोलता बोलता किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. ती तशीच ठोके देत राहिली आणि दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले.

"गाडीत काही खोट नाही, काका," मेस्त्री म्हणाला. दोघांचीही नजर एकाच वेळी गुडघ्याकडे गेली.

ड्राफ्ट्समन आत गेले आणि त्यांनी म्यूझियमला फोन लावला. रविवारी सकाळी ये म्हणाले, टेम्पो घेऊन.

ते बोलणं बाहेर नळावर हात धूत असलेल्या मेस्त्रीला ऐकू गेलं. बाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही ऐकू गेलं.

"वाईट वाटतं, काकू. तो जपानी घेतला असता तर ही वेळ आली नसती. पण त्यांना ऐकायचं होतं ना."

"काय ऐकायचं होतं?"

"मागचं बोलणं. मला मागे बसवून पाढे म्हणायला लावले. दोन्ही गाड्यांवर. ज्याच्यावर ऐकू आलं तो घेतला. मी आधी म्हटलं, काकांचं डोकं फिरलं. मग माझी बायको म्हणाली, अरे, त्यांच्या मागे एरवी कोण बसतं?"

बाईंनी टॉवेल पुढे केला. मग त्यांनी उघडा राहिलेला नळ घट्ट बंद केला. मेस्त्रीला वाटलं, आपण भलतंच बोलून गेलो.

"कुठला पाढा?" त्यांनी विचारलं.

"सतराचा."

"बिचारे तुम्ही," बाई म्हणाल्या. "चहा घेऊनच जा."

मेस्त्री गेल्यावर त्या फडकं आणि बादली घेऊन छपराखाली आल्या. तिथली फरशी फिकट रंगाची होती आणि रोज सकाळी फिरून आलं की गाडीखालचा पेट्रोलचा डाग त्या पुसत. आज पुसायला काही नव्हतं. फरशी कोरडी होती. त्या गाडीजवळ वाकून उभ्या राहिल्या. एक्स्चेंजमध्ये एखादी लाइन लागत नसली की त्या आधी एकच गोष्ट बघत. लागली तेव्हा काय वेगळं होतं?

शनिवारी सकाळी त्यांनी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. ड्राफ्ट्समन शेवटचा प्रयत्न म्हणून छपराखाली आले होते. बायकोला पाहून ते गाडीचा आरसा पुसायला लागले.

"आज फिरायला नाही गेलीस?"

"नाही. अहो, एक सांगा. मेस्त्रीने सुरू केली तेव्हा फरशी कोरडी होती. तुम्ही करता तेव्हा डाग पडतो. तो डाग कशाचा?"

"बटण दाबलं की थोडं पेट्रोल सांडतं. सांडावंच लागतं. त्याशिवाय ती सुरू होत नाही."

"मेस्त्रीचं नाही सांडलं."

"त्याने दाबलंच नसेल."

"दाबलं. मी खिडकीतून बघत होते. दाबलं आणि सोडलं. घंटी वाजवून पळणाऱ्या पोरासारखं."

"अगं, इतकी वर्षं मी ही गाडी सुरू करतोय. बोटं ओली झाल्याशिवाय..." ड्राफ्ट्समन थांबले. त्यांनी खाली नव्या कार्बोरेटरकडे पाहिलं. मग ते सावकाश बोलू लागले, बाईंशी नव्हे, स्वतःशीच. "तो जुना फटीतून हवा घ्यायचा. म्हणून त्याला बुडेपर्यंत पेट्रोल लागायचं. तेव्हा कुठे दोन्हीचा मेळ बसायचा. याला फट नाहीच. म्हणजे मी याला रोज..."

"जुन्याच्या दुखण्याचं औषध नव्याला पाजताय," बाई म्हणाल्या. "आणि पायाचंही तेच. दुखायचं कधीच थांबलंय. तरी लंगडता. त्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय, तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, रागावाल म्हणून."

ड्राफ्ट्समन रागावले नाहीत. आरसा पुसायचं फडकं हातात धरून ते स्वतःच्या पायाकडे बघत राहिले.

"मेस्त्रीने मला मारून दाखवा म्हटलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा मारली असती तर त्याला लगेच दिसलं असतं."

"दिसलं असतं. पण तुम्हाला लाज वाटली."

त्या दिवशी किक मारायचं त्यांचं धैर्य झालं नाही, आणि टेम्पोही त्यांनी रद्द केला नाही. रविवारी म्यूझियम ठरल्या वेळेआधी आला. टेम्पो फाटकाबाहेर उभा करून, गाडीला गुंडाळायला जुनी ब्लँकेटं घेऊन तो आत शिरला, आणि दोघं नवरा-बायको गाडीशी वाकलेली पाहून जागीच थांबला.

"काय रे, निरोप चाललाय का?"

"थांब जरा," ड्राफ्ट्समन म्हणाले. बघायला माणूस आला म्हणून त्यांचा पाय एकदा किकवरून मागे आला. मग त्यांनी पेट्रोल चालू केलं आणि बटणावर बोट ठेवलं.

"सोडा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोडलं नाही. म्हणजे सोडायचं त्यांच्या मनात होतं, पण बोट ऐकत नव्हतं. फरशीवर थेंब पडले.

"अहो, सोडा!" बाईंनी त्यांचा हात धरून बाजूला केला. "झालं. परत भिजवलीत."

मग सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ड्राफ्ट्समनांनी प्लग काढला, म्यूझियमने खिशातला पांढरा रुमाल दिला आणि तो काळा होताना बघून तोंड फिरवलं. इंजिन वाळेपर्यंत तिघं छपराखाली उभे राहिले. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. प्लग परत बसला. बाई डाव्या बाजूला खाली वाकल्या.

"हेच ना बटण?"

"हेच."

त्यांनी ते दाबलं आणि सोडलं. "मारा."

पहिल्या किकला गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. ड्राफ्ट्समनांचा हात आपोआप बटणाकडे निघाला. बाईंनी त्याच्यावर आपला हात झाकण ठेवावं तसा ठेवला.

"पुन्हा नाही. नुसती मारा."

त्यांनी उजवा पाय उचलला, किक पूर्ण खालपर्यंत नेली, आणि इंजिन पेटलं. आधी जरा घाईत, मग सावकाश, मग तसंच थांबून थांबून. म्यूझियम मान तिरकी करून ठोके ऐकत होता.

"आता मी त्या टेम्पोवाल्याला काय सांगू?" तो म्हणाला.

"सांग, ओरिजिनल माल जागेवरच राहिला."

"अरे, मी गॅरेजमध्ये जागा करून ठेवली होती रे. माझी गाडी कडेला सरकवली." म्यूझियमने ब्लँकेटं काखेत मारली. त्याचा चेहरा जितका पडायला हवा होता तितका पडला नव्हता. हॉस्पिटलात ड्राफ्ट्समनच्या उशाशी तोच बसून राहायचा आणि गाडी तू बरा झाल्यावर चालवशीलच, असं सर्जनपेक्षा जास्त खात्रीने सांगायचा. "असो. मी फाटक उघडतो."

"पण बटण तू दाबलंस," ड्राफ्ट्समन बायकोला म्हणाले. "मी स्वतः सुरू करायची, अशी अट होती."

"अट तुम्ही घातली होती. मला विचारलं होतं का? बसा पुढे."

धाकट्या बहिणीकडे जाऊन येऊ, म्हणत बाई मागे बसल्या. म्यूझियमने फाटक धरलं. टेम्पोवाला वाट देताना काहीतरी बोलला, ते इंजिनामुळे ऐकू आलं नाही. रस्ता रविवारचा, मोकळा होता. दुकानं बंद होती, एक बाई जिन्यातून चादर झटकत होती. वस्तीतली शेवटची घरं मागे पडली. ड्राफ्ट्समन वाट बघत होते. डाव्या खांद्यावर वजन आलं.

"तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा मला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं," बाई म्हणाल्या. "शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. तिच्याशी नाही बोलले. म्हटलं, पुढे कधी गाडीवर बसलो तर तुम्हालाच सांगेन. मग तुम्ही गाडीच विकायला निघालात."

ड्राफ्ट्समनांनी मान हलवली.

"आणि दुसरं. पोरगी म्हणतेय, तिच्याकडे राहायला या. घर बंद करा म्हणतेय. मला नाही जायचं. चांगली आहे ती, जीव लावते, पण मला माझं घर पाहिजे. तुम्हाला जायचं असेल तर सांगा. आत्ता नका सांगू, रस्ता बघा."

त्यांनी रस्ता बघितला. त्या क्षणी त्यांना ज्यांचे आभार मानायचे होते ती माणसं मागे राहिली होती. मेस्त्री त्याच्या गॅरेजमध्ये असेल, म्यूझियम फाटक लावून टेम्पोवाल्याची समजूत काढत असेल. एकच माणूस जवळ होतं, आणि त्याला मध्ये तोडणं बरोबर नव्हतं.

बाई बोलत होत्या. वरच्या खोलीच्या गळतीबद्दल, एक्स्चेंजमधल्या एका मैत्रिणीबद्दल जिला त्या वर्षभर फोन करायचं टाळत होत्या, ड्राफ्ट्समन काठी घेऊन चालायला लागले त्या दिवसाबद्दल. धाकट्या बहिणीच्या घराकडे जाणारं वळण आलं. ड्राफ्ट्समनांनी वेग आणखी कमी केला आणि गाडी सरळ पुढे जाऊ दिली. बाईंनी ते वळण मागे जाताना पाहिलं, पण त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.